रायपूरची समुद्रवाट

रायपूरच्या शंकर नगरातून निघून समुद्र गाठायचा, तर जुन्या रस्त्याने साधारण ५९५ किलोमीटर जावे लागते. धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव, जगदलपूर, कोरापुट असे टप्पे घेत विशाखापट्टणमला पोहोचायला बारा-तेरा तास लागतात. घाटात ट्रक अडला की त्याहून जास्त.

भिलाईचे पोलाद, उरला-सिलतराचे कारखाने, धमतरीचा तांदूळ एवढे सगळे असूनही छत्तीसगडला किनारा नाही. ही अडचण जुनी आहे. रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते, तेव्हाही इथल्या खनिजाला जवळचे बंदर हवे होते. बंगाल नागपूर रेल्वेने रायपूर–विजयनगरम मार्ग १९३१ मध्ये पुरा केला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले. रूळ आणि धक्का एकमेकांसाठीच बांधले गेले होते.

आता त्याच दिशेने सहापदरी रस्ता आखला आहे: राष्ट्रीय महामार्ग १३०-सीडी. अभनपूरजवळच्या झांकीपासून आंध्रातल्या सब्बवरमपर्यंत ४६४ किलोमीटर; त्यांपैकी छत्तीसगडात १२४, ओडिशात २४० आणि आंध्रात १००. जुन्या रस्त्याला रुंद न करता बहुतेक आखणी नव्या जमिनीवरून केली आहे. त्यामुळे सुमारे १३० किलोमीटर वाचतात आणि प्रवास निम्म्यावर येईल असा अंदाज आहे. छत्तीसगडातल्या तीन टप्प्यांची पायाभरणी जुलै २०२३ मध्ये रायपुरात झाली.

यातला सर्वांत अवघड भाग डोंगरातला. तिथे सुमारे २.८ किलोमीटरचा सहापदरी जुळा बोगदा आहे. उदंती अभयारण्याच्या परिसरात प्राण्यांसाठी २७ मार्ग आणि माकडांना रस्त्यावरून पलीकडे जाता यावे म्हणून १७ झुलते पूल आराखड्यात आहेत. रस्त्याच्या खर्चात जंगलाचा वाटा असा आधीच धरला गेला, हे मला या प्रकल्पाचे मोठे काम वाटते.

मात्र अशा महामार्गावर हवे तिथून चढता-उतरता येत नाही. ठरावीक ठिकाणीच वाट असते. म्हणून धमतरीच्या राइस मिलपासून, कोंडागावच्या ढोकरा कारागिराच्या घरापासून त्या ठिकाणापर्यंतचे जोडरस्ते महामार्गाइतकेच महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर भिलाईचे पोलाद बंदरावर वेळेत पोहोचेल आणि ज्या बस्तरच्या वेशीवरून ते गेले, तिथला माल मात्र जुन्याच घाटात थांबेल. रायपूरकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे मुख्य रस्त्याबरोबर या जोडरस्त्यांचाही हिशेब मागायला हवा.