तलवार माशाच्या वाटेवर

भिवंडीत समुद्राची गोष्ट काढली की ऐकणारा आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहतो. आमचे गाव यंत्रमागांचे. इथले लहान मूल मागांच्या खटखटीत झोपते आणि रात्री वीज गेली की त्या शांततेने दचकून उठते. पुढे माग कमी होत गेले, गोदामे वाढत गेली. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, मानकोली या गावांत भाताच्या खाचरांवर आता पत्र्याची छपरे आहेत. अशाच एका गोदामात खोके मोजणाऱ्या माझ्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी एका रात्री जेवताना जाहीर केले, "काका, मी नोकरी सोडतोय. खोल समुद्रात जायचंय मला. तलवार मासा पकडायला."

वहिनीची भाकरी तव्यावर करपली. थोरला भाऊ जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि हा एकुलता एक. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ सरळ होता : भावजी, याला आवरा.

आवरायला माझे तोंड नव्हते. एक तर आमचे घराणे खाडीचे. आज कोणाला खरे वाटणार नाही, पण भिवंडी हे बंदर होते. बंदर मोहल्ला हे नाव अजून आहे. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि त्यानंतर याच खाडीच्या आसऱ्याने मराठ्यांचे आरमार उभे राहू लागले. आजोबांच्या काळापर्यंत आमची होडी कशेळीकडे लागत असे आणि घरात बोय, निवट्या, चिंबोऱ्या यांना तोटा नव्हता. पुढे वरून कारखान्यांचे पाणी आले, खालून रेती उपसली गेली आणि खाडीने हात आखडता घेतला. वडील मागावर गेले, मीही गेलो. पण मधल्या एका हंगामात मी स्वतः दर्यावर गेलो होतो आणि तिथे एक चूक करून आलो होतो. ती पुढे सांगतो.

पुतण्याच्या डोक्यात हे खूळ मोबाइलवरच्या एका चित्रफितीने घातले होते. परदेशातली बोट, चकचकीत गळ आणि माणसाहून लांब मासा. मी म्हटले, आधी त्या माशाची तरी माहिती काढू. वाचकहो, आपल्याकडे लांबट, चकचकीत वाकटीलाही कोणी हौसेने तलवार म्हणतो. तो हा मासा नव्हे. याची चपटी, धारदार चोच अंगाच्या लांबीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी. मोठ्या झालेल्या माशाला ना दात, ना खवले. थंड पाण्यात शिकार दिसावी म्हणून डोळे आणि मेंदू ऊबदार ठेवण्याची सोय निसर्गाने त्याच्या डोक्यातच केलेली. दिवसा हा पाचशे मीटर आणि त्याहूनही खोल असतो, रात्री भक्ष्यामागे वर येतो. १९५३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर गळाने पकडलेला एक ५३६ किलोंचा होता. (बायाबापड्यांसाठी एक सूचना : या माशात पारा फार साठतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी तो टाळावा असे अनेक देशांतले डॉक्टर सांगतात.)

आता खरी मेख. एवढे खोल पाणी आपल्याकडे आहे कुठे? मुंबईसमोर समुद्राचा तळ उथळ पठारासारखा सुमारे तीनशे किलोमीटर पसरत जातो आणि मग एकदम खाली उतरतो. तलवार माशाचे राज्य त्या कड्याच्या पलीकडे. ताशी आठ सागरी मैल जाणाऱ्या बोटीला तिथे पोहोचायला वीस तास लागतात. तिथे किलोमीटरच्या किलोमीटर लांब दोरी सोडून तिला अंतराअंतरावर गळ टांगतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेची जहाजे या प्रकारची पाहणी करत आली आहेत. पण ती जहाजे! आमच्या पोराकडे होती ती गोदामाच्या पगारातली शिल्लक.

मी त्याला घेऊन वसईला गेलो, पाचूबंदरला. तिथे माझा मामा. आयुष्यभर तांडेल, आता गुडघ्यांनी जमिनीवर बसवलेला. बोट त्याचा मुलगा चालवतो. मामाने पोराचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मासा राहू दे. परत कसा येशील, ते सांग."

पोरगा म्हणाला, "जीपीएस आहे ना, आजोबा."

मामा माझ्याकडे बघून हसला. मी खाली मान घातली.

गोष्ट १९९४ च्या डिसेंबरातली. मी बेकार होतो, मामाने खलाशी म्हणून नेले. पहिला महिना भात शिजवणे, बोटीतले पाणी उपसणे आणि ओकाऱ्या काढणे, एवढेच काम. हळूहळू सुकाणू हाती मिळू लागले. त्या रात्री चाळीस मैल बाहेरून आम्ही परतत होतो. तेव्हा बोटीवर उपग्रहाचे यंत्र नव्हते, होते फक्त होकायंत्र. मामा म्हणाला, "काटा नव्वदावर धर. पूर्व सोडू नको," आणि आडवा झाला. धुके होते, तारे दिसत नव्हते. झोप येऊ नये म्हणून मी कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणून शेजारी ठेवला आणि बारीक आवाजात गाणी लावली. पाच तास काटा नव्वदावरून हलू दिला नाही. मला माझाच अभिमान वाटत होता.

मामा उठला तो न हाक मारता. उठून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "लाट वेगळ्या अंगाने लागतेय." त्याने टेपरेकॉर्डर उचलून लांब नेला आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा सावकाश फिरला. चांगला पंधरा अंश. स्पीकरमध्ये लोहचुंबक असते, हे मला शाळेत शिकवले होते आणि मी परीक्षेत लिहिलेही होते.

पंधरा अंशांनी काय होते? याचा हिशेब तांडेलांच्या तोंडी असतो : एका अंशाची चूक साठ मैलांवर एक मैल होते. म्हणजे पंधरा अंश आणि चाळीस मैलांचे झाले दहा मैल. आम्ही वसईच्या खाडीऐवजी उत्तरेला चाललो होतो. मामाने इंजिन मंद केले आणि शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडली. गोळ्याच्या बुडाला खोबण असते, त्यात साबण भरलेला. तळाला जे असेल ते चिकटून वर येते. पाणी हवे त्याहून कमी निघाले आणि साबणाला चिखलाऐवजी शिंपल्यांचा चुरा लागला होता. मामाने तो बोटांत चोळला, वास घेतला, म्हणाला, "नांगर टाका. उजाडेपर्यंत कोणी हलायचं नाही."

उजाडले तेव्हा समोर अर्नाळ्याचा किल्ला होता आणि आमच्या मध्ये, खडकांवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ.

मामा रागावला नाही. पण त्या दिवसापासून दर तासाला वहीत लिहायचे : वेळ, काटा, वेग, पाण्याची खोली, तळाला काय लागले, डोंगर दिसत असेल तर कोणता. तुंगारेश्वर कोणत्या अंगाला, जीवधनचा सुळका त्याच्या पुढे की मागे. ती दोनशे पानी वही, मिठाच्या पाण्याने फुगलेली, मामाने त्या दिवशी फळीवरून काढली आणि माझ्या पुतण्याच्या हातात दिली. इतकी वर्षे त्याने ती ठेवली असेल, याची मला कल्पना नव्हती.

काट्याच्या नाजूकपणाची एक मोठी गोष्टही आपल्याच किनाऱ्यावर घडलेली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर, त्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले, लोखंड कटाक्षाने टाळलेल्या वास्तूत. ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ मध्ये. शास्त्रज्ञ तीन वर्षे आधी सावध झाले. मला तर टेपरेकॉर्डर हातभर अंतरावर असून कळले नाही.

पोराचे शिक्षण अशा रीतीने सुरू झाले. मामाने अट घातली : आधी दोन हंगाम खलाशी म्हणून, पापलेट-घोळीच्या जाळ्यावर. योगायोग असा, की राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा मच्छीमार तरुणांसाठी जो सहा महिन्यांचा वर्ग असतो, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारा, त्यालाही पोहणे आणि मासेमारीचा अनुभव लागतोच. पोहायला तो गावच्या विहिरीत शिकला होता. मामा म्हणाला, "विहिरीतलं पोहणं दर्यात मोजत नाहीत."

त्या दोन हंगामांत तो जे शिकला त्यातले निम्मे घरबसल्याही शिकता येते, म्हणून सांगतो. आपल्या कालनिर्णयाच्या भिंतीवरून भरती काढता येते. तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुढे रोज पाऊण तास उशिरा. खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. पुनवे-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. वसईच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. भरलेली बोट ओहोटीला आत घातली की बसलीच. म्हणून घर दिसत असूनही बाहेर थांबता येणे, हीदेखील एक विद्या. तसाच ध्रुव. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. आपल्याकडून ध्रुव क्षितिजाच्या वर दोन मुठींना किंचित कमी दिसतो, कारण आपले अक्षांशच एकोणीस. तो वर चढू लागला की तुम्ही गुजरातकडे चाललात. लग्नात नवरा-नवरीला तो दाखवतात आणि नंतर कोणी त्याच्याकडे बघत नाही.

यंत्रांना मी नावे ठेवत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एका योजनेचा आरंभ झाला : देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर, ज्यातून मोबाइलची रेंज नसतानाही संकटाचा निरोप किनाऱ्यावर जातो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि बिनतारी संचाची सोळा नंबरची वाहिनी आता पोराला झोपेतही पाठ आहे. पण यंत्र तुम्ही कुठे आहात ते सांगते. तिथे असावे की नाही, ते सांगत नाही. जहाजांची वाट, तेलविहिरींभोवतीचा पाचशे मीटरचा मनाई टापू, दुसऱ्याची जाळी आणि उत्तरेला पाण्यावर कुठेच न आखलेली पाकिस्तानची हद्द, हे सगळे माणसानेच डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. डहाणू-पालघरकडची कितीतरी माणसे गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात पोहोचतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच एका बोटीवर गोळीबार होऊन पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गेला. त्या दिवशी वहिनीने वर्तमानपत्र घडी घालून उशीखाली ठेवले होते. पोराने गोदाम सोडायची भाषा केली तेव्हा तिला काय आठवले असेल, ते मला नंतर उमगले.

आणि वादळ. नोव्हेंबर २००९ च्या फयानमध्ये कोकणातल्या कितीतरी बोटी परतल्या नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्तेने बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, सत्तरहून अधिक माणसे गेली. मामाच्या बोटीवर नियम एकच : बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वाद नाही, डिझेल भरलेले असले तरी नाही, कर्जाचा हप्ता असला तरी नाही. ऐकायला सोपे वाटते. तीस-चाळीस हजारांचे डिझेल आणि बर्फ भरून झालेला नाखवा जेव्हा धक्क्यावर उभा असतो, तेव्हा नाही म्हणणारा तांडेल व्हायला फार वर्षे लागतात.

वर्ग झाला. प्रमाणपत्र आले, वहिनीने ते देव्हाऱ्यात ठेवले, म्हणजे विरोध संपला असे मी धरले. तसे नव्हते. जूनपासूनची मासेमारी-बंदी संपली, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि बोट निघाली, तेव्हा पहिल्यांदाच सुकाणू रात्रपाळीला पोराकडे होते. वहिनी धक्क्यावर आली नाही. मी गेलो. होकायंत्राच्या पेटीवर मामाने खडूने हातभर रेघ मारून ठेवली होती आणि रेघेच्या आत काहीही ठेवायचे नाही, मोबाइलसुद्धा. माझ्याकडे बघून पोरगा हसला. म्हणजे त्याला टेपरेकॉर्डरची गोष्ट कळली होती.

तलवार मासा? तो अजून कड्यापलीकडे सुखरूप आहे. पोराच्या तोंडी त्याचे नाव हल्ली कमी येते, पण भिंतीवरचे चित्र काढलेले नाही. तो म्हणतो, आणखी पाच हंगाम. मामा म्हणतो, दहा.

फेरीला आठ दिवस लागणार होते. आठव्या दिवशी पहाटे मी उठलो तर वहिनी ओट्याशी दिवा लावून कालनिर्णयासमोर उभी होती. बोट तिथीवर, ओठ हलत होते. मला पाहून म्हणाली, "भावजी, आज अष्टमी. म्हणजे सहाला भरती ना?"

"सहाला. पण भांग आहे, पाणी कमी चढेल."

"मग बाहेर थांबतील ते," ती म्हणाली आणि चहाचे आधण पुन्हा चुलीवरून उतरवून ठेवले.