आजोबांची झोप आणि त्यांचा पत्ता

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात इस्लापूर हे गाव आहे. सहस्रकुंडचा धबधबा पाहायला तुमच्यापैकी काहीजण तिकडे गेलेही असतील. समजा, तेथे ७० वर्षांचे एक आजोबा राहतात. जन्मभर त्यांनी शेतमजुरी केली. त्यांच्याच वयाचे दुसरे आजोबा नांदेड शहरात राहतात. ते निवृत्त शिक्षक असून त्यांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. रात्री कोणाला शांत झोप लागत असेल?

शरीराची यंत्रणा आधी पाहू. वाटेत साप दिसला की मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. या ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांतून अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदय धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. साप निघून गेला की वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. उतारवयात हा निरोप पोचायला वेळ लागतो.

पण 'पुढच्या महिन्यात गोळ्यांना पैसे असतील का?' हा साप निघून जात नाही! यंत्रणा धुमसत राहते. रक्तदाब आणि मधुमेह बळावतात, झोप उडते.

कमी पैसा म्हणजे कमी अन्न आणि म्हणून आजार, इतके हे सोपे नाही. लंडनच्या सरकारी नोकरांची १९६७ साली तपासणी सुरू झाली. त्यांत उपाशी कोणीच नव्हते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान वगैरे कारणांनी त्यातला काही भागच उलगडला. उद्याचा दिवस आपल्या हाती आहे की नाही, यालाही महत्त्व असते. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून गरीब वृद्धांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली. ती मोठी नाही. पण ठरल्या दिवशी हाती पडली तर तिचे मोल वाढते, असे मला वाटते.

आता पत्ता. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण छातीत मध्यरात्री दुखू लागले आणि बसच नसली, तर सवलतीचा काय उपयोग? उलट, शहरातल्या बंद दाराआड एकट्या राहणाऱ्या आजींचे कण्हणे कोणाला ऐकू जात नाही. गावात निदान शेजारी धावून येतात. म्हणून खेडे म्हणजे शांती आणि शहर म्हणजे ताण, ही समजूत सोडून द्या.

२०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२,००० लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या लोकांत लक्षणांवरून पाहता शंभरात सुमारे आठ जणांना खिन्नतेचा विकार होता, आणि खेड्यांत त्याचे प्रमाण शहरांपेक्षा अधिक होते. डॉक्टरांनी तसे निदान केलेले मात्र शंभरात एकही भरत नव्हते. बाकीचे घरी एवढेच सांगतात, "रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बाबा."