हेमाडपंती म्हणजे नक्की काय? एका दिवसाच्या सहलीत शिकता येणारं संशोधन

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "प्रश्न शोधायचा कसा?" विषय सगळ्यांकडे असतो, पण प्रश्न नसतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात निरीक्षण, गृहीतक, पुरावा, निष्कर्ष अशी छान पायरीवार आकृती मिळते. पण ती पाठ करून परीक्षा सुटते, सवय लागत नाही. सवय लावायला एक स्वस्त उपाय सांगतो: बदनापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं एखादं कमी माहितीचं मंदिर बघून या. वेरूळ-अजिंठ्याला सगळे जातात, त्यावर पुस्तकंही भरपूर आहेत. आपल्याच जिल्ह्यात मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत आहे.

माझा विषय विज्ञान आहे, मी मूर्तीशास्त्राचा तज्ज्ञ नाही. म्हणूनच हे उदाहरण घेतोय. तज्ज्ञ नसतानाही नीट प्रश्न विचारता येतो, हेच दाखवायचंय.

जायचं कुठे?

जालना-राजूर-भोकरदन हा रस्ता धरा. वाटेत राजूरचा गणपती लागतो. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, तिथे प्रचंड गर्दी असते. त्यामुळे नोंदी घ्यायच्या असतील तर साधा दिवस निवडा. पुढे केळणा नदीकाठचं भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथून अजिंठ्याच्या बाजूला गेलं की अन्वा गाव. तिथलं दगडी मंदिर साधारण बाराव्या शतकातलं मानलं जातं, गावात त्याला 'मढ' म्हणतात. एका दिवसाला एवढं पुरे. पाच ठिकाणं उरकण्यापेक्षा दोन ठिकाणी नीट थांबा.

एक वाक्य, तीन दावे

असं कुठलंही काळ्या दगडाचं मंदिर दिसलं की आपण म्हणतो, "हेमाडपंती आहे." कोणी विचारलं म्हणजे काय, तर उत्तर येतं, "चुना न वापरता बांधलेलं. हेमाडपंतांनी बांधलं." या छोट्या उत्तरात तीन वेगळे दावे आहेत.

पहिला: दगडांच्या सांध्यात चुना नाही. हा डोळ्यांनी तपासता येतो.
दुसरा: असं बांधकाम हेमाडपंतांपासून सुरू झालं. हा इतिहासाचा दावा आहे.
तिसरा: म्हणून हे मंदिर तेराव्या शतकातलं. हा काळाचा दावा आहे, आणि तो दुसऱ्यावर टेकलेला आहे.

आता दुसरा तपासू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री. राजा महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यांच्या काळात ते होते. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आणि अंबरनाथचं शिवमंदिर? त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ही तारीख आहे. ते शिलाहारांच्या काळातलं आहे. हेमाडपंतांच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं, आणि तरीही लोक त्याला हेमाडपंतीच म्हणतात.

"सगळी हेमाडपंती मंदिरं हेमाडपंतांच्या काळातली" हे विधान मोडायला हे एक उदाहरण पुरतं. यातून हेमाडपंतांनी एकही मंदिर बांधलं नाही, असं सिद्ध होत नाही हं. इथेच बरेच विद्यार्थी घसरतात. एक सार्वत्रिक विधान पडलं की त्याचं उलटं टोक आपोआप खरं होत नाही. एवढंच ठरतं की 'हेमाडपंती' हे नाव ऐकून मंदिराचा काळ सांगता येत नाही.

चुना का नाही?

नाव बाजूला ठेवलं की खरा प्रश्न समोर येतो: चुन्याशिवाय हे उभं कसं राहतं? मंडपात उभं राहून वर बघा. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कोपऱ्यांत तिरके ठेवलेले दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकतो आणि मधली मोकळी जागा लहान होत जाते. वजन दगडाला खाली दाबून बसवतं. बेसाल्ट दाब उत्तम सहन करतो, पण ताण फारसा सहन करत नाही. तुळई वाकायला लागली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो. म्हणून तुळया आखूड आणि खांब जवळजवळ. मंडपात खांबांची गर्दी दिसते, तिच्यामागे हे साधं भौतिकशास्त्र आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे का? थायलंडला फिरायला जाणारे बहुतेक जण बँकॉकची मंदिरं बघतात. त्याच देशाच्या ईशान्येला फिमाई नावाचं ख्मेर शैलीचं मंदिर आहे, तिथल्या एका लेखात इ.स. ११०८ सालचा उल्लेख आहे. वालुकाश्माचे घडवलेले दगड, सांध्यात चुना नाही. म्हणजे हेमाडपंतांच्या दीडशे वर्षं आधी, समुद्रापलीकडे, हीच युक्ती. उलट अयुथ्थयाची जुनी मंदिरं विटांची आहेत. विटा लहान, त्या जोडायला काहीतरी लागतंच, आणि वर गिलावा. तेव्हा चुना आहे की नाही हे माणसापेक्षा साहित्यावर आणि कारागिरीवर जास्त अवलंबून दिसतं. तपासण्यासारखं गृहीतक असं तयार होतं.

मग काळ ठरतो कसा?

याचं सुंदर उत्तर भोकरदनमध्येच आहे. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या वस्तूंमध्ये एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुटका भाग सापडला. तिच्याशी खूप मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं. त्यामुळे तिथली मूर्ती ७९ नंतरची असूच शकत नाही.

यावरून भोकरदनची मूर्तीही ७९ च्या आधीचीच, असं म्हणता येईल का? नाही. पॉम्पेईच्या मूर्तीला वरची मर्यादा मिळाली. भोकरदनच्या मूर्तीबद्दल साम्यावरून एवढंच म्हणता येतं की दोन्हींचा काळ जवळपास असावा. त्याला आधार मिळतो तो मूर्ती ज्या थरात सापडली त्या थरातल्या इतर वस्तूंचा. 'असू शकत नाही', 'असावा' आणि 'आहे' या तीन शब्दांतला फरक ज्याला कळला, त्याचं चर्चेचं प्रकरण अर्धं लिहून झालं समजा.

वहीत तीन रकाने

जाताना वहीच्या पानावर तीन रकाने आखा: दिसलं, ऐकलं, वाटलं.

अन्व्याचं उदाहरण घेऊ. बाहेरच्या भिंतींवर विष्णूची आयुधं धारण केलेल्या स्त्रीरूपातल्या मूर्ती आहेत: हे पहिल्या रकान्यात. गाभाऱ्यात आज शिवलिंग आहे: हेही पहिल्यातच. पुजारी काका किंवा ओट्यावर बसलेल्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात. ती जशीच्या तशी लिहा, हसण्यावारी नेऊ नका. मंदिर कधी बांधलं हे तिच्यातून कळणार नाही, पण गाव या मंदिराकडे कसं बघतं ते कळेल. "मूळ देवता वेगळी असावी" हे तिसऱ्या रकान्यात, आणि त्यापुढे लिहा: हे खरं की खोटं ठरवायला काय लागेल?

फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, म्हणजे माप कळतं. एक फोटो लांबून, एक जवळून. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याआधी विचारा. मूर्तीवरचा शेंदूर खरवडू नका, वीरगळ हलवू नका. कुठला दगड कुठे आहे, हाही पुरावाच असतो.

घरी आल्यावर वाचन

साहित्याचा आढावा घेताना जालन्याच्या मुलांची एक खास अडचण होते. 'जालना जिल्हा' असं शोधलं की जुनं फारसं काही सापडत नाही. कारण जिल्हाच १ मे १९८१ ला झाला. भोकरदन त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात. म्हणून १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर बघा, हेन्री कझिन्स यांनी १९०० मध्ये केलेली निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची यादी बघा. गावाचं इंग्रजी स्पेलिंगही बदलून बघा. अन्वा कुठे 'व्ही'ने लिहिलेलं असतं, कुठे 'डब्ल्यू'ने. तुमचा विषय रसायनशास्त्र असला तरी हेच लागू आहे: जुन्या पेपरमध्ये तुमच्या पदार्थाचं नाव वेगळं असू शकतं.

नावामागे नोंद हवी

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं तुरीचं वाण 'बीडीएन ७११' आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. बीडीएन म्हणजे बदनापूर. त्या नावामागे चाचण्या आहेत, उत्पादनाच्या नोंदी आहेत. कोणी शंका घेतली तर दाखवता येतात. 'हेमाडपंती' या नावामागे तसं काही नसतं, तरी आपण दोन्ही नावं सारख्याच विश्वासानं घेतो.

आणि हे तपासायला वेळ फार नाही. अनेक गावांत लोक मनापासून, श्रद्धेनं जीर्णोद्धार करतात. ऑइलपेंट लागतो, फरशी बसते, सांधे सिमेंटनं भरले जातात. छिन्नीच्या खुणा आणि झिजलेली अक्षरं त्याखाली जातात. मग "सांध्यात चुना होता का?" हा पहिल्या रकान्यातला साधा प्रश्नसुद्धा कायमचा तिसऱ्या रकान्यात जाऊन बसतो.

तेव्हा येत्या रविवारी निघा. सोबत पाण्याची बाटली, पट्टी, वही. परत आल्यावर तिसऱ्या रकान्यातलं एक वाक्य निवडा आणि ते प्रश्नार्थक करून लिहा. मग तुमच्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य घ्या आणि त्यातले दावे मोजा. किती दिसलेले, किती ऐकलेले, किती नुसते वाटलेले? गाईडनं विचारण्याआधी हे तुम्हीच विचारलेलं बरं.