घरचा कॉम्प्युटर आणि आजीची गाणी

आमच्या इंदूरच्या घरी बाबांनी 2012 साली कॉम्प्युटर घेतला. कधी कुरकुर नाही. गेल्या दिवाळीत मात्र एका सकाळी तो सुरूच होईना. आतून नुसता टक्-टक् आवाज. "अरे, तू इंजिनिअर ना? बघ की जरा," बाबा म्हणाले. त्यात आजीच्या आवाजातली मंगळागौरीची सात गाणी होती. दुसरी प्रत नव्हती, आणि आजीही आता नाही.

मी आधी प्लग काढला. असा आवाज बहुतेक वेळा हार्ड डिस्कचं हेड बिघडल्याची खूण असते. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं, तर ते तबकडीवर घासतं आणि उरलासुरला डेटाही जातो. डिस्क घरी उघडायचीही नसते. धुळीचा एक कणही तिला पुरतो. म्हणून ती डेटा काढून देणाऱ्यांकडे सोपवली. तीन आठवड्यांनी चार गाणी परत आली. तीन गेली ती गेलीच.

ऑफिसात रोज बॅकअप घेणारा मी, घरी मात्र 'चालतंय ना' म्हणून गप्प होतो. आता आमच्याकडे 3-2-1 चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरवर, एक पोर्टेबल डिस्कवर, एक क्लाऊडवर.

प्रत उघडते का, हेही तपासावं लागतं. ते काम बाबांचं. महिन्यातून एका रविवारी ते आजीचं एक गाणं लावून बघतात.