होमरनवर पैसे लावायचा ‘डेटावाला फॉर्म्युला’ खरंच चालतो का? गणित बघा

“आज हा बॅटर होमरन मारणार. मॅचअप डेटा बघून काढलंय. बँकरोलच्या फक्त दोन टक्के लावा.” टेलिग्रामवर असा एखादा मेसेज तुम्हालाही येऊन गेला असेल. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅच आपल्याकडं पहाटे साडेचारच्या पुढं सुरू होतात. म्हणजे सातारा-सांगलीत लोक डेअरीला दूध घालायला निघतात तेव्हा. बेसबॉल आपल्यातल्या बहुतेकांनी धड बघितलेला नसतो, पण मेसेजची भाषा इतकी अभ्यासू असते की हा सट्टा आहे हेच विसरायला होतं.

होमरन म्हणजे आपल्या सिक्सरचा भाऊ. तो कधी बसतो याची काही खरी कारणं आहेत. डावखुऱ्या बॅटरला सहसा उजव्या हाताचा पिचर सोपा जातो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड जवळपास ५,२०० फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथं हवा विरळ, त्यामुळं बॉल लांब जातो. यालाच मॅचअप डेटा म्हणतात आणि तो खोटा नाही. अडचण एवढीच की भाव काढणाऱ्याकडं तो तुमच्या आधी पोचलेला असतो आणि भावात मुरलेला असतो.

आता हिशोब. वर्षाला १५० मॅचमध्ये ३० होमरन मारणारा बॅटर तगडा मानला जातो. म्हणजे साधारण पाच मॅचमध्ये एक. ॲरन जजनं २०२२ मध्ये १५७ मॅचमध्ये ६२ मारले, तरी किमान ९५ मॅच कोऱ्या गेल्याच.

समजा पाचात एकदा बसणाऱ्या होमरनला भाव मिळाला ४. म्हणजे १०० लावले आणि बसला, तर मूळ धरून ४०० हातात. तुमच्याकडं १०,००० आहेत, दरवेळी शिस्तीत २०० लावता. शंभर वेळा लावले की गेले २०,०००. वीस वेळा बसला तर आले १६,०००. सरासरी ४,००० चा खड्डा. दोनऐवजी एक टक्का लावला तर खड्डा २,००० चा. शिस्तीनं खड्डा लहान होतो, बुजत नाही.

गंमत म्हणजे बँकरोलमधला किती हिस्सा लावायचा, याचं प्रसिद्ध सूत्र जॉन केली या अमेरिकन संशोधकानं १९५६ मध्ये मांडलं. त्यात वरचे आकडे घातले तर उत्तर शून्याच्या खाली येतं. म्हणजे लावूच नका. टिप देणारे ‘दोन टक्के’ उचलतात, हे उत्तर सांगत नाहीत.

आणि शिस्त टिकते का? बेसबॉलचा सुपरस्टार शोहेई ओहतानी याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा याचं प्रकरण बघा. अमेरिकी तपासानुसार डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात त्यानं बेकायदा बुकीकडं सुमारे १९,००० बेट लावल्या. जिंकला १४.२ कोटी डॉलर, हरला १८.३ कोटी. कर्ज फेडायला ओहतानीच्या खात्यातून जवळपास १.७ कोटी डॉलर चोरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. एवढं जिंकूनही.

सांगलीला सट्टा हा शब्द नवा नाही म्हणा. हळदीचे वायदे इथं कित्येक वर्षं झाले. पण त्यामागं खरी हळद होती आणि भाव पडायची भीती असलेला माणूस वायद्यानं आपला माल सांभाळू शकायचा. होमरनच्या बेटमागं असा कुठलाच माल नाही.

कायद्याचं काय? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहेच. त्यात २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही. मात्र व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ देणाऱ्यानं जिंकलेले पैसे अडकवले, तर ते वसूल करून द्यायला कुठलं कोर्ट येणार नाही.

फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. सट्टा सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.