रिकिबीचं ऑपरेशन: वीस वर्षांनी कान काय म्हणतो?

स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मुलांकडे राहायला आलेल्या काही आई-वडिलांच्या कानाचं ऑपरेशन पूर्वी भारतात झालेलं असतं. तेव्हा छान ऐकू यायला लागलं, आता पुन्हा टीव्हीचा आवाज वाढतोय. मग घरात प्रश्न येतो: ऑपरेशन वाया गेलं का? बहुतेक वेळा, नाही.

मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात. रिकीब शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटरचं. ओटोस्क्लेरोसिसमध्ये तिच्या तळाशी नवं हाड वाढतं, ती जाम होते आणि आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोचत नाही. 1956 साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी अशी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली. आता बहुधा तळाला बारीक छिद्र पाडून छोटा पिस्टन बसवतात. अनुभवी हातांत दहापैकी साधारण नऊ जणांना चांगला फायदा होतो. शंभरात साधारण एकाचं त्या कानाचं ऐकू येणं मात्र पूर्ण जाऊ शकतं.

हा फायदा बहुतेकांत वर्षानुवर्षं टिकतो. पण पिस्टन फक्त मधल्या कानातली अडचण दूर करतो. आतला कान वयाप्रमाणे थकतोच, आणि काहींत हा आजार तिथेही पोचतो.

नेमकं काय झालंय, ते ऑडिओग्राम सांगतो. त्यात एक रेघ हेडफोनमधून ऐकलेल्या आवाजाची, दुसरी कानामागच्या हाडातून ऐकलेल्या आवाजाची. दोन्ही रेघा जवळजवळ राहून खाली गेल्या असतील, तर आतला कान थकलाय. तिथे श्रवणयंत्र उपयोगी पडतं. दोन रेघांत पुन्हा अंतर पडलं असेल, तर पिस्टन सरकलेला किंवा ऐरणीचं टोक झिजलेलं असू शकतं. तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचा विचार होतो, पण त्याचं यश पहिल्यापेक्षा कमी असतं.

म्हणून भारतातून येताना जुने ऑडिओग्राम आणि ऑपरेशनचे कागद सोबत आणायला सांगा. तुलना करायला तेच कामी येतात. जीपींना ते दाखवून ईएनटी तज्ज्ञांसाठी रेफरल घ्या. एमआरआय करायची वेळ आली, तर कानात पिस्टन आहे हे आधी सांगा.

आणि एक लक्षात ठेवा: अचानक ऐकू येईनासं झालं किंवा गरगरायला लागलं, तर वय झालं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.