स्कर्टिंगचे माप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वरळीच्या बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरे मिळू लागली असून त्यांपैकी पहिल्या 556 घरांचे वाटप ऑगस्ट 2025 मध्ये झाले. अशा घरात पुढेमागे लादी बदलायची झाल्यास स्कर्टिंगचा, म्हणजे लादी आणि गिलावा यांचा सांधा झाकून भिंतीचा पायथा ओल्या फडक्यापासून राखणाऱ्या तीन-चार इंची पट्टीचा, हिशेब अनेकदा चुकतो.

गैरसमज : घर तिप्पट झाले की स्कर्टिंगही तिप्पट लागते.

वस्तुस्थिती : स्कर्टिंग रनिंग फुटांत, म्हणजे केवळ लांबीने मोजतात. 16 बाय 10 आणि 20 बाय 8 फुटांच्या खोल्यांचे क्षेत्रफळ सारखेच, 160 चौरस फूट असले, तरी त्यांची परिमिती अनुक्रमे 52 आणि 56 फूट भरते. मोठ्या घरात खोल्यांमधली भिंत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते, तर दारांची रुंदी आणि डॅडोच्या, म्हणजे उंचपर्यंत लाद्या बसवलेल्या, भिंती वजा होतात. त्यामुळे क्षेत्रफळावरून लांबी काढता येत नाही.

गैरसमज : नकाशावरील मापाने पट्ट्या कापता येतात.

वस्तुस्थिती : नकाशातील माप गिलाव्याआधीचे असल्यास दोन्ही भिंतींवरील गिलाव्याची जाडी त्यातून कमी होते, शिवाय भिंत ओळंब्यात नसेल, तर वरचे आणि पायथ्याचे माप जुळत नाही. म्हणून टेप लादीलगतच धरावी लागते.

गैरसमज : प्रत्येक कोपऱ्यात 45 अंशांचा छेद घ्यावा.

वस्तुस्थिती : खोलीच्या आत वळणाऱ्या कोपऱ्यात एक सपाट पट्टी भिंतीपर्यंत नेऊन दुसरी तिला टेकवली तरी पुरते. बाहेर आलेल्या कोपऱ्यात मात्र लादीची कच्ची कड दिसू नये म्हणून तिरका छेद लागतो. तेथे गुण्या लावून कोन तपासावा, कारण तो 92 अंशांचा निघाल्यास प्रत्येक पट्टी 46 अंशांत कापावी लागते.

गैरसमज : 600 मिलीमीटरच्या लादीतून 100 मिलीमीटरच्या सहा पट्ट्या निघतात.

वस्तुस्थिती : कटरचे पाते प्रत्येक कापात सुमारे 2 मिलीमीटर लादी खाते; पाच कापांत 10 मिलीमीटर गेल्याने सहावी पट्टी 90 मिलीमीटरचीच उरते. उंची आधीच 98 मिलीमीटर ठरवल्यास मात्र सहाही पट्ट्या सारख्या निघतात.